बर्लिन सायकलवरून: गाइडसोबत पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बर्लिन पाहून परतणाऱ्या आपल्याकडच्या पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली असते: "बाकी युरोपसारखं इथे जुनं काही दिसलंच नाही." तक्रार समजण्यासारखी आहे. प्राग किंवा रोमला गेलं की शेकडो वर्षांपूर्वीच्या गल्ल्या तशाच्या तशा समोर येतात. बर्लिनचा मध्यभाग दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत आणि १९४५च्या शेवटच्या लढाईत उद्ध्वस्त झाला. जे वाचलं, त्यातलंही बरंच पुढच्या राजवटींनी पाडून टाकलं. म्हणून इथला इतिहास बराचसा मोकळ्या जागांमध्ये सापडतो: एखादं पार्किंग, हिरवळीचा लांबलचक पट्टा, डांबरात बसवलेली दगडांची दुहेरी ओळ.

अशा शहराला सायकल आणि गाइड ही जोडी फार चांगली लागू पडते. बघायच्या जागा अर्ध्या-एक किलोमीटरच्या अंतराने विखुरल्या आहेत. चालत निघालात तर दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात, आणि बसमधून गेलात तर नेमकी जागा कळायच्या आत मागे पडते. शिवाय रिकाम्या जागेपुढे उभं राहिल्यावर तिथे काय घडलं ते सांगणारं कोणीतरी लागतंच. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांसाठी, चार दिवस फिरायला आलेल्यांसाठी आणि मुलांकडे महिना-दोन महिने राहायला आलेल्या आई-बाबांसाठी हे लिहिलं आहे. बऱ्याच वर्षांत सायकलला हात लावलेला नसला तरी हरकत नाही.

आधी ठरवायच्या गोष्टी

बर्लिन जवळजवळ सपाट आहे. गाइडसोबतची टूर साधारण तीन ते चार तासांची असते. एकूण अंतर दहा-पंधरा किलोमीटर, आणि दर थोड्या वेळाने थांबा. त्यामुळे दम लागण्याची भीती बाळगू नका. इथे कस लागतो तो लक्षाचा. निघण्यापूर्वी तीन गोष्टी करून बघा. एक हात हँडलवरून काढून सायकल सरळ जाते का? मान वळवून मागे पाहताना तोल राहतो का? ठरवलेल्या जागी बरोबर थांबता येतं का? हे तिन्ही जमत असेल तर बिनधास्त नाव नोंदवा. जमत नसेल तर सोसायटीच्या आवारात किंवा मैदानावर आठवडाभर सकाळी सराव करा. पुण्यात एके काळी सायकलवर कॉलेज आणि नोकरी केलेली पिढी इथे अगदी सहज रुळते, हे मी कौतुकाने पाहत आलो आहे. घरातल्या साठीच्या मंडळींना "तुम्हाला कशाला त्रास" म्हणून परस्पर वगळू नका. त्यांना विचारा.

बॅटरीवाल्या सायकलचा मोह मात्र आवरा. तिची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंत जोर देते. ती वजनाला जड असते आणि पायडल मारताच पुढे झेप घेते. आधी कधी चालवली नसेल तर गर्दीच्या चौकात ती शिकायला बसू नका, कारण सपाट शहरात तिची गरजच पडत नाही.

टूरचे प्रकार बरेच आहेत: मुख्य ठिकाणांची टूर, बर्लिनच्या भिंतीची टूर, नाझी काळाची टूर, क्रॉइत्सबर्गसारख्या भागातल्या भित्तिचित्रांची आणि खाण्यापिण्याची टूर. पहिल्यांदा येत असाल तर मुख्य ठिकाणांची घ्या. वेळ उरला तर दुसरी भिंतीची. इंग्रजी टूर हंगामात रोज निघतात आणि माणशी दर बहुधा ३० ते ४५ युरोंच्या दरम्यान असतो. सायकल त्यातच येते का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: गटात जास्तीत जास्त किती जण असतात? पंधराच्या वर गट गेला की मागच्यांना अर्धंच ऐकू येतं आणि प्रत्येक सिग्नलला गट तुटतो. घरचीच सात-आठ माणसं असतील तर स्वतंत्र गाइड घेणं परवडतं. आई-बाबांना इंग्रजी भरभर समजत नसेल तर गाइड सावकाश बोलतो, आणि मध्ये थांबून तुम्हाला मराठीत सांगायला वेळही मिळतो.

एप्रिल ते ऑक्टोबर हा चांगला काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येतं. विमानातून उतरलात त्याच दिवसाची टूर घेऊ नका. दुसऱ्या दिवशीची घ्या, म्हणजे शहराची दिशा लवकर समजते आणि पुढचे दिवस सोपे जातात. रिमझिम पावसात टूर रद्द होत नाही, म्हणून पातळ रेनकोट जवळ ठेवा. छत्रीचा इथे काही उपयोग नाही.

लहान मुलांबाबत एक नियम माहीत हवा. आठ वर्षांखालच्या मुलाने स्वतःची सायकल फूटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या ट्रॅकवरूनच चालवायची, असा जर्मनीचा कायदा आहे. त्यामुळे सहा-सात वर्षांचं मूल स्वतःच्या सायकलवर गटाच्या टूरला आणता येत नाही. त्यासाठी मागे लावायची सीट किंवा मुलांची गाडी मिळते का ते विचारा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढलेला असतोच. त्याचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. आपत्कालीन फोन ११२.

कपड्यांचं म्हणाल तर एकावर एक पातळ थर घाला. सलवार-कुर्ता चालतो, पण ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट गुंडाळा. चेनवर कव्हर असलं तरी मागच्या चाकात ओढणीचं टोक जायला क्षण पुरतो. बूट बंद असावेत. हेल्मेटची सक्ती नाही, त्यामुळे ते कोणी आपणहून पुढे करेलच असं नाही. तुम्ही मागून घ्या.

सायकल हातात आल्यावर

निघण्याआधीची ही पंधरा मिनिटं घाईत घालवू नका. उत्तर युरोपातल्या सायकली उंच असतात. पाच फूट, सव्वापाच फूट उंचीच्या माणसाने लहान फ्रेम आणि दांडी खाली असलेली सायकल मागावी. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, हे बरोबर माप. पण पहिल्या दिवशी मी सीट त्याहून बोटभर खालीच ठेवायला सांगतो, म्हणजे थांबताना दोन्ही पाय जमिनीला लागतात आणि मनातली धाकधूक जाते.

आता ब्रेक. इथल्या बऱ्याच सायकलींना मागच्या चाकाचा ब्रेक पायडलमध्येच असतो: पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्याकडे उतारावर किंवा सिग्नलला येताना पायडल सहज उलटं फिरवत राहायची अनेकांची सवय. इथे तसं केलंत तर सायकल जागच्या जागी अडते आणि मागचा माणूस तुमच्यावर येतो. म्हणून आधी अंगणातच चार-पाच फेऱ्या मारून पायाला ती सवय लावा. हळू दाबा, मग जोरात दाबा, चाक कधी अडकतं ते बघा. याच ब्रेकमुळे आणखी एक गोष्ट नवीन वाटते. थांबल्यावर पायडल उलटं फिरवून वर आणता येत नाही. निघताना उजवं पायडल खाली राहिलं असेल तर मागचं चाक किंचित उचलून पायडल पुढच्या दिशेने फिरवून वर आणायचं. किंवा त्याहून सोपं म्हणजे, थांबतानाच उजवं पायडल वर आणि थोडं पुढे येईल असं थांबायचं. दोन सिग्नल झाले की ते अंगवळणी पडतं.

घंटी वाजवून बघा, दिवे लागतात का बघा, गिअर असतील तर दोन-तीन वेळा बदलून बघा. पर्स हँडलला लटकवू नका. तिच्यामुळे वळताना हँडल एका बाजूला ओढलं जातं. पुढची टोपली किंवा पाठीवरची सॅक चांगली.

रस्त्यावर

इथे वाहतूक उजवीकडून चालते. हे आपल्याला माहीत असतं, पण माहीत असणं आणि ऐन वेळी आठवणं यात फरक आहे. सरळ रस्त्यावर गट पुढे असतो, तेव्हा चूक होत नाही. चूक होते ती थांब्यानंतर पुन्हा निघताना, रस्ता रिकामा दिसला की. हात आपोआप डाव्या कडेला वळतात. प्रत्येक थांब्यावरून निघताना मनात "उजवीकडे" म्हणा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, कारण गाडी तिकडून येते. आणि डावं वळण आता मोठं वळण आहे, आपल्याकडच्या उजव्या वळणासारखं. नवख्याने चौकाच्या मधोमध जाऊन डावीकडे वळू नये. आधी सरळ पलीकडे जावं, थांबावं, मग तिथला सिग्नल हिरवा झाल्यावर डावीकडची वाट धरावी. बहुतेक गाइड गटाला असंच नेतात.

सायकल ट्रॅक कुठे लाल फरशांचा फूटपाथच्या कडेला असतो, तर कुठे रस्त्यावरच पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला. निळ्या गोलात पांढरी सायकल दिसली की त्या ट्रॅकवरूनच जायचं. ट्रॅक एकाच दिशेचा असतो, तेव्हा राँग साइडने दहा मीटरसुद्धा जाऊ नका. चालणाऱ्यांनी सायकल ट्रॅकवर उभं राहणंही बर्लिनकरांना मुळीच खपत नाही. फोटो काढायला उतरलात की सायकल घेऊन आधी बाजूला व्हा, मग खिशातून फोन काढा. सायकल चालवताना हातात फोन धरला तर ५५ युरो दंड आहे. लाल सिग्नल तोडला तर किमान ६०.

सिग्नलवर गट तुटला म्हणून घाबरून लाल दिव्यात पुढे घुसू नका. पुढचे गेले, तुम्ही राहिलात, तर गाइड पलीकडे थांबलेला असतो. वळायच्या आधी हात सरळ बाजूला करून दाखवा. गाडीवाले शहरात सायकलला दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायला बांधील आहेत आणि बहुतेक जण ते पाळतात. आपल्याकडच्या वाहतुकीतून आलेल्याला हे पहिल्यांदा अनुभवताना फार बरं वाटतं. धोका राहतो तो दोन ठिकाणी. कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक उघडतं, म्हणून तिच्यापासून हातभर लांब राहा. आणि उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या शेजारी कधीही उभे राहू नका. त्याच्या मागेच थांबा.

ट्रामच्या रुळांकडे मात्र पूर्ण लक्ष द्या. सायकलचं चाक रुळाच्या खाचेत बरोबर मावतं, आणि एकदा आत गेलं की माणूस पडतोच. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. पाऊस पडलेला असेल तर उतरून सायकल हाताने न्या. या रुळांमध्येसुद्धा शहराचा इतिहास आहे. युद्धानंतर बर्लिनचे पूर्व (कम्युनिस्ट राजवटीचं) आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते, आणि १९६१ ते १९८९ त्यांच्यामध्ये भिंत होती. पश्चिम बर्लिनने आपली शेवटची ट्राम १९६७मध्ये बंद केली आणि पूर्वेने चालू ठेवली. त्यामुळे आजही रूळ दिसले की बहुतेक वेळा तुम्ही जुन्या पूर्व बर्लिनमध्ये असता. पादचारी सिग्नलमधला हॅट घातलेला छोटा माणूसही पूर्वेचाच. वाहतूक मानसशास्त्रज्ञ कार्ल पेगलाऊ यांनी तो १९६१मध्ये तयार केला. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो काढून टाकायचं ठरलं, तेव्हा लोकांनी आवाज उठवून त्याला वाचवलं.

काय काय बघाल

टूरची वाट प्रत्येकाची थोडी वेगळी. पुष्कळशा टूर अलेक्झांडरप्लाट्झच्या (प्लाट्झ म्हणजे चौक) टीव्ही टॉवरच्या आसपास सुरू होतात. १९६९चा हा ३६८ मीटर उंच टॉवर दिवसभर तुमची दिशा सांभाळतो. चुकलात तर मान वर करून त्याला शोधा. तिथून श्प्रे नदी ओलांडली की डावीकडे राजवाड्याची नवी इमारत आणि उजवीकडे म्युझियम आयलंड. मूळ राजवाडा युद्धात जळाला, पूर्व जर्मनीने १९५०मध्ये त्याचे अवशेष पाडले आणि त्या जागी स्वतःचं 'प्रजासत्ताक भवन' उभारलं. एकीकरणानंतर तेही पाडलं आणि जुन्या राजवाड्याचे दर्शनी भाग पुन्हा बांधले. आत आज हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय आहे. टूरमध्ये आत जायला वेळ नसतो. इथल्या आशियाई कलेच्या दालनासाठी नंतर वेगळा वेळ काढा.

उंटर डेन लिंडेन या रुंद रस्त्याने थोडं पुढे गेलं की बेबेलप्लाट्झ येतो. इथे सायकली लावून मधोमध जमिनीत बसवलेल्या काचेपाशी जा. १० मे १९३३च्या रात्री नाझी विद्यार्थी संघटनांनी या चौकात हजारो पुस्तकं जाळली आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण केलं. काचेखाली शिल्पकार मिखा उलमन यांनी एक पांढरी खोली केली आहे. तिच्या चारी भिंतींना रिकामी फडताळं आहेत, सुमारे २०,००० पुस्तकं मावतील इतकी. उन्हात काचेवर आभाळाचंच प्रतिबिंब दिसतं आणि घाईतली माणसं "काहीच दिसत नाही" म्हणून निघून जातात. गुडघ्यावर बसा, दोन्ही हातांचा आडोसा करून डोळे काचेजवळ न्या, आणि डोळ्यांना थोडा वेळ द्या. आधी पांढरा रंग दिसतो, मग फळ्यांच्या कडा, मग कळतं की त्या तळापर्यंत रिकाम्या आहेत.

रस्त्याच्या पलीकडे हुम्बोल्ट विद्यापीठ. त्याच्या फाटकासमोर जुन्या पुस्तकांचे स्टॉल लागतात. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला येऊन इथेच डॉक्टरेट केली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. पुढे नाझी राजवटीने अशाच विचारांचा आधार घेतला. कवट्या मोजून इरावतीबाईंनी जो निष्कर्ष काढला, तो कवटीवरून वंशाचं श्रेष्ठत्व दिसतं या मार्गदर्शकाच्या सिद्धांताला दुजोरा देणारा नव्हता. परक्या देशातल्या एका तरुण विद्यार्थिनीने ते लिहून दाखवलं. फिशर यांची संशोधन संस्था शहराच्या नैर्ऋत्येला डाह्लेममध्ये होती आणि ती इमारत अजून उभी आहे. कुठलीही टूर तिकडे जात नाही.

जांडार्मेनमार्क्टच्या चौकात दोन जुळ्यासारखी चर्च आणि मध्ये संगीतगृह आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट लोकांना १६८५मध्ये इथल्या राज्यकर्त्याने आसरा दिला, त्यांचं चर्च यातलं एक. चौक देखणा आहे, फोटो काढा आणि पुढे चला, कारण खरी थांबण्याची जागा पुढे आहे.

चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधलं जुनं सीमानाकं. इथे गर्दी फार आणि जुनं फार कमी. मधली पांढरी चौकी नंतर केलेली प्रतिकृती आहे. ऑक्टोबर १९६१मध्ये इथे अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले होते, हे ऐकून घ्या आणि गाइडला त्सिमरश्ट्रासेने (श्ट्रासे म्हणजे रस्ता) न्यायची विनंती करा. या रस्त्याच्या डांबरात दगडांची दुहेरी ओळ आहे, आणि मध्येच लोखंडी पट्टीवर 'बर्लिनची भिंत १९६१–१९८९' असं लिहिलेलं. तिच्या कडेने सायकल सावकाश चालवत राहा. ओळ कधी फूटपाथवर चढते, तर कधी थेट एखाद्या इमारतीत शिरते. भिंत म्हणजे एकच भिंत नव्हती. दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये टेहळणी बुरूज, दिवे, कुत्री आणि सैनिक असलेला पट्टा होता. हे दोन्ही बाजूंच्या घरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजल्याशिवाय पटत नाही.

याच रस्त्यावर पेटर फेख्टरचा स्मृतिस्तंभ आहे. १७ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा वर्षांचा हा गवंडी मित्रासोबत भिंत ओलांडायला निघाला. मित्र पलीकडे पोचला, पेटरला गोळी लागली आणि तो पूर्वेच्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी पडला. जवळजवळ तासभर तो मदतीसाठी हाका मारत होता. पलीकडे पश्चिमेची माणसं आणि पोलीस ऐकत होते, अलीकडे पूर्वेचे सैनिक. कोणी त्याच्यापर्यंत वेळेत गेलं नाही. बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० जणांचा जीव गेला, असं अभ्यासकांनी नावानिशी नोंदवलं आहे. स्तंभावर लिहिलं आहे की त्याला फक्त स्वातंत्र्य हवं होतं. पुष्कळ गट इथून न थांबता जातात. तुम्ही थांबा.

थोडं पुढे नीडरकिर्शनरश्ट्रासेवर सुमारे २०० मीटर मूळ भिंत उभी आहे, आणि तिला लागून 'टोपोग्राफी ऑफ टेरर'. गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि एसएस (नाझींचं निमलष्करी दल) यांची मुख्यालयं जिथे होती, त्या जागेवर हे प्रदर्शन आहे. प्रवेश मोफत आहे. पण माझ्या मते या भागातली सर्वांत बोलकी इमारत समोरची करडी, कंटाळवाणी दिसणारी इमारत आहे. ती १९३५-३६मध्ये नाझी नेता गोरिंगच्या विमानखात्यासाठी बांधली गेली. युद्धात ती फारशी मोडली नाही. ऑक्टोबर १९४९मध्ये पूर्व जर्मनीची स्थापना याच इमारतीत झाली. १५ जून १९६१ला याच इमारतीतल्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उलब्रिख्ट म्हणाले की भिंत बांधायचा कोणाचाही विचार नाही. १३ ऑगस्टच्या पहाटे काटेरी तारा पडायला सुरुवात झाली. आज तिथे जर्मनीचं अर्थखातं आहे. इमारतीच्या लायपत्सिगर श्ट्रासेकडच्या बाजूला माइसेन गावच्या चिनी मातीच्या फरशांवर रंगवलेलं मोठं भित्तिचित्र आहे: हसरे कामगार, शेतकरी, मुलं. ते १९५३च्या सुरुवातीला पुरं झालं आणि त्याच वर्षी १७ जूनला खरे कामगार याच इमारतीसमोर निदर्शनं करत आले. तो उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. आज त्या चित्रासमोर जमिनीत काचेखाली त्या मोर्चाचा तितकाच मोठा फोटो बसवला आहे. चित्र आणि फोटो एका नजरेत येतील अशा जागी उभे राहा.

पोट्सडामर प्लाट्झ ओलांडून पुढे गेल्यावर गाइड तुम्हाला फ्लॅट्सच्या मधल्या एका साध्या पार्किंगपाशी थांबवतो. खाली हिटलरचा बंकर होता. ३० एप्रिल १९४५ला त्याने तिथेच आत्महत्या केली. खूण म्हणून २००६मध्ये लावलेला फक्त एक माहितीफलक आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, म्हणजे इथे कोणी फुलं वाहायला येऊ नये. शेजारच्या रस्त्याला गेर्ट्रुड कोलमार या ज्यू कवयित्रीचं नाव दिलं आहे. तिला १९४३मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारण्यात आलं. इथून दोन मिनिटांवर मारल्या गेलेल्या युरोपातल्या ज्यूंचं स्मारक आहे. वास्तुविशारद पीटर आयझनमन यांचे काँक्रीटचे २७११ ठोकळे, २००५पासून खुले. सायकल बाहेर लावा आणि आत एकट्याने चालत जा. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे असतात, जमीन हळूहळू खाली जाते आणि काही पावलांत ते डोक्याच्या वर जातात. ठोकळ्यांवर चढू नका, उड्या मारून फोटो काढू नका, आणि मुलांना हे आत जाण्याआधीच समजावून सांगा.

ब्रांडनबुर्ग गेटपाशी गर्दी असली तर उतरून चाला. १७९१च्या या दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६मध्ये पॅरिसला नेला होता, तो १८१४मध्ये परत आला. शेजारीच राइशटाग, म्हणजे संसद. तिचा काचेचा घुमट मोफत बघता येतो, पण नावनोंदणी आधी करावी लागते आणि पासपोर्ट लागतो. टूरमध्ये वर जायला मिळत नाही. नंतर टिअरगार्टन या मोठ्या बागेच्या झाडीत शिरलात की रस्त्याचा ताण संपतो. युद्धानंतरच्या हिवाळ्यांत बर्लिनकरांनी इथली झाडं सरपणाला तोडली आणि जमिनीत बटाटे लावले. आजची झाडी १९४९पासून पुन्हा लावलेली आहे, आणि त्यासाठी इतर जर्मन शहरांनी रोपं पाठवली.

वाटेत कुठेही फूटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसले तर वाका आणि वाचा. त्या घरात राहणाऱ्या, नाझींनी नेलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल आणि पुढे त्याचं काय झालं ते त्यावर कोरलेलं असतं. शिल्पकार गुंटर डेम्निग यांनी सुरू केलेल्या या कामात युरोपभर एक लाखाहून अधिक चौकोन बसले आहेत.

खाणं, पाणी, टिप

टूरच्या मध्ये बहुधा टिअरगार्टनमधल्या एखाद्या बिअर गार्डनला अर्ध्या तासाचा थांबा असतो. शाकाहारी माणसाला तिथे ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) आणि बटाट्याचे फ्राइज खात्रीने मिळतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये कधी कधी मांसाचं पाणी किंवा बेकन असतं, म्हणून विचारून घ्या. शहरात फलाफल मात्र जागोजागी आणि चांगलं मिळतं. बाटली नळावर भरा, इथलं नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. बाहेर स्वच्छतागृहाला बऱ्याचदा पैसे पडतात, त्यामुळे थांब्यावर आहे तिथेच जाऊन घ्या. आणि सायकल चालवायची आहे तोवर बिअर नको, पहिल्या दिवशी तर नाहीच.

गाइड आवडला तर माणशी पाच युरोपर्यंत टिप देण्याची पद्धत आहे, सक्ती नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रश्न विचारा. यातल्या पुष्कळ जणांनी इतिहास शिकलेला असतो. पूर्व बर्लिनमध्ये वाढलेला गाइड मिळाला, तर त्याच्या शाळेबद्दल, आजी-आजोबांबद्दल विचारा. पाठ केलेलं सांगणं तिथे थांबतं आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही सायकलला टेकून नुसते ऐकत राहता.

टूरनंतर

शक्य असेल तर सायकल आणखी एक दिवस भाड्याने ठेवा. मेट्रोतून नेण्यासाठी सायकलचं वेगळं तिकीट लागतं, ते विसरू नका. रात्री दोन कुलपं लावा, एक फ्रेम आणि खांब मिळून, दुसरं चाकाला. सायकलचोरी इथे सर्रास होते.

सकाळी बेर्नाउअर श्ट्रासेला जा. या रस्त्यावर घरं पूर्वेत होती आणि दारासमोरचा फूटपाथ पश्चिमेत. ऑगस्ट १९६१मध्ये लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. मधल्या पट्ट्यात अडकलेलं चर्च पूर्व जर्मनीने १९८५मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि २०००पासून तिथे मातीच्या भिंतींचं लहानसं चॅपल आहे. तिथून उत्तरेला बोर्नहोल्मर श्ट्रासेचा पूल येतो. ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री पहिल्यांदा उघडलेलं नाकं ते हेच. एप्रिलच्या उत्तरार्धात आलात तर तिथे जुन्या भिंतीच्या वाटेवर जपानी लोकांनी भेट दिलेली चेरीची झाडं फुललेली असतात.

संध्याकाळी टेम्पलहोफ या जुन्या विमानतळावर जा. सोव्हिएत संघाने १९४८मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा पीठ आणि कोळसा घेऊन विमानं इथे उतरत होती. विमानतळ २००८मध्ये बंद झाला, २०१०मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि तिथे बांधकाम करायला २०१४च्या मतदानात शहराने नकार दिला. टर्मिनल बांधणारे एर्न्स्ट सागेबील हेच कालच्या त्या करड्या विमानखात्याचे वास्तुविशारद. दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर ना सिग्नल, ना गाडी, ना रूळ. ज्यांना काल रस्त्यावर भीती वाटली, त्यांनी एक हात सोडण्याचा, मागे बघण्याचा आणि पायडलच्या ब्रेकचा सराव इथे करावा. सूर्यास्ताला फाटकं बंद होतात. त्या दिवसाची वेळ प्रवेशद्वारावर लिहिलेली असते, ती आत जातानाच बघून घ्या. वाऱ्याचाही अंदाज घ्या. बहुतेक वेळा तो पश्चिमेकडून असतो, तेव्हा आधी पश्चिमेला जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील.